चार माणसं, एक गाडी आणि रेहेकुरीचे काळवीट

अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात मोकाट धावणाऱ्या मस्टँग घोड्यांचे व्हिडिओ बघून हात शिवशिवत असतील, तर आधी विमानाचं तिकीट बघा आणि मग रेहेकुरीचा विचार करा. उघडा माळ, वाळत चाललेलं गवत, धुळीतून पळणारा कळप हे सगळं आपल्याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात आहे. फक्त घोड्यांच्या जागी काळवीट. १९८० साली जाहीर झालेलं हे अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. पारनेरहून श्रीगोंदामार्गे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास पडतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत जा. गवत सोनेरी झालेलं असतं आणि नरांचा काळा रंग त्यावर उठून दिसतो.

सगळ्यात जास्त पैसे गाडीला लागतात, आणि तिथे हात आखडू नका. माणूस पायी दिसला की काळवीट लांबूनच पळ काढतो, पण थांबलेल्या गाडीची त्याला लवकर सवय होते. गाडी हीच तुमची लपण. म्हणून वनखात्याने ठरवून दिलेल्या रस्त्यावर ती उभी करायची, इंजिन बंद करायचं आणि आतच बसायचं.

भाड्याच्या गाडीचा हिशोब मात्र नीट समजून घ्या. सध्या साध्या गाडीला किलोमीटरला ११ ते १४ रुपये पडतात, पण बाहेरगावच्या फेरीला दिवसाचे किमान २५० ते ३०० किलोमीटर धरतात. तुम्ही २०० फिरलात तरी पैसे ३००चे. चालकाचा भत्ता ३०० ते ५०० वेगळा. म्हणजे ४,००० ते ४,५०० रुपये धरून चाला. चौघांत माणशी हजार-अकराशे. मेख पुढेच आहे. बहुतेक ठिकाणी दिवस रात्री बारा ते रात्री बारा मोजतात. आदल्या संध्याकाळी निघून कर्जतला मुक्काम केलात की दोन दिवसांचं किमान भाडं लागलं. त्यापेक्षा पहाटे साडेतीनला निघा. ऑक्टोबरअखेरीस सूर्य साडेसहाच्या सुमाराला उगवतो, फाटक उघडायच्या वेळेला तुम्ही तिथे असता.

स्वतःची गाडी असेल तर गणित उलटं. जाऊन-येऊन १४-१५ लिटर पेट्रोल, म्हणजे दीड-पावणेदोन हजार. मग खुशाल मुक्काम करा. साधी खोली हजार-दीड हजारात मिळते. ऑनलाइन बुकिंग करताना जिल्हा तेवढा तपासा, नाहीतर रायगडातल्या कर्जतचं फार्महाउस गळ्यात पडायचं. असाच घोळ सुप्याचा. चिंकाऱ्यांसाठीचं मयूरेश्वर अभयारण्य बारामती तालुक्यातल्या सुप्याला आहे, आपल्या पारनेरच्या सुप्याला नाही.

एसटीने स्वस्तात होतं, महिलांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत. पण पहाटेची वेळ साधत नाही आणि शेवटच्या टप्प्याला गाडी ठरवावीच लागते. ती ठरवताना थांबण्याचे पैसे धरून बोली करा.

आता लेन्स. ३०० मिलिमीटरच्या खाली काळवीट ठिपक्याएवढा येतो. पण त्यासाठी लाखभर घालायची काही गरज नाही. पुण्यात १५०-६०० मिलिमीटरची लेन्स दिवसाला हजार ते दीड हजारात भाड्याने मिळते. ओळखपत्र आणि अनामत लागते. घेताना दुकानातच काचेवरचे ओरखडे बघून फोटो काढून ठेवा. तिपाई गाडीत निरुपयोगी. जुन्या जीन्सचा एक पाय कापून दोन किलो ज्वारी भरा, दोन्ही टोकं शिवा आणि खिडकीच्या कडेवर ठेवा. खर्च शून्य, आणि ज्वारी परत डब्यात. फोटोची हौस नसेल तर सात ते बारा हजारांची दुर्बीण घ्या, ती जन्मभर पुरते.

साडेनऊनंतर जमीन तापते आणि हवा थरथरायला लागते. मग कितीही महागडी लेन्स असो, फोटो धुरकटच येतो. त्यामुळे दुपारभर उन्हात ताटकळण्यात अर्थ नाही. सावलीत जेवा आणि चारला परत या.

काय बघायचं? नराची हद्द. तो ठरावीक जागीच लेंड्या टाकतो, ढीग साचतो, आणि फिरून फिरून तो तिथेच येतो. असा ढीग दिसला की उजेड पाठीशी घेऊन थांबा. मादी जवळ आली की नाक वर, शिंगं पाठीला टेकलेली, कान खाली, असा तोऱ्यात चालत येतो. कळप बिचकला की आधी एखादी मादी जागच्या जागी उंच उडी मारते, मागोमाग सगळे. ती पहिली उडी टिपायची तर बोट बटणावर तयार हवं.

प्रवेश, गाडी, कॅमेरा यांचे दर फाटकावर विचारा आणि प्रत्येक रकमेची पावती घ्या. ड्रोन परवानगीशिवाय उडवायचा नाही. खाली उतरायची वेळ आली तर लोकरी मोजे नकोत, कुसळं त्यात अशी रुततात की मोजेच टाकून द्यावे लागतात. अभयारण्याबाहेरही कळप शेतांत दिसतात, पण रब्बीची ज्वारी तेव्हा नुकती वर आलेली असते. काळविटांनी आधीच पीक खाल्लेल्या शेतकऱ्याच्या वावरात आपण आणखी पाय घालू नये. बांधावरून विचारायचं, “दादा, इथं उभं राहिलं तर चालंल का?” बहुतेक वेळा चहाही मिळतो.

आणि घोडेच हवे असतील तर पारनेर तालुका सोडायचीही गरज नाही. दिवाळीनंतर ढवळपुरी भागातले धनगर मेंढ्या घेऊन घाट उतरून कोकणाकडे निघतात. घोड्याच्या पाठीवर भांडी, कोंबड्या, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू. तिकीट नाही, वेळापत्रकही नाही. आधी विचारा, मग कॅमेरा काढा, आणि दहा-पंधरा रुपयांची प्रिंट त्यांच्या घरी पोहोचवायचा खर्च हिशोबात धरा.