*बागेच्या कार्बनचा हिशोब: सही करण्याआधी समजून घ्या*



"तुमच्या आंब्याच्या झाडांचे कार्बनचे पैसे मिळतील, फक्त सही करा," असं सांगणारे लोक गावात आले, तर काय विचारायचं? त्यासाठी बागेचा कार्बन मोजतात कसा, हे आधी माहीत पाहिजे.

*१) बाग घेते आणि सोडतेही*
दिवसा उन्हात पानं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. पण झाड श्वासही घेतं, मुळंही घेतात, आणि मातीतले जिवाणू पालापाचोळा कुजवून तोच वायू परत सोडतात. हे रात्रंदिवस चालतं. कोरड्या मातीवर पहिला पाऊस पडला की हे सोडणं एकदम वाढतं.
समजा, बागेने १०० किलो घेतला आणि ८० किलो परत सोडला, तर शिल्लक फक्त २० किलो. खरा हिशोब या शिल्लकीचा. त्यातूनही फळं बाजारात जातात, ती वजा.

*२) शास्त्रज्ञ कसं मोजतात?*
झाडांच्या शेंड्याच्या वर टॉवर उभा करतात. त्यावरचं एक यंत्र वारा वर जातो की खाली येतो ते बघतं, दुसरं त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतं. हे एका सेकंदात साधारण १० वेळा होतं, आणि अर्ध्या-अर्ध्या तासाची सरासरी काढतात. आपल्याच सातपुड्यात, मध्य प्रदेशात बैतूलकडे सागाच्या मिश्र जंगलात अशी मोजणी झाली आहे. पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थाही देशात असे टॉवर चालवते.

*३) आपल्या बांधावर हे का जमत नाही?*
टॉवरला सपाट जमीन आणि दूरपर्यंत एकच पीक लागतं. शहादा-तळोद्यात एका एकरात पपई, शेजारी केळी, पलीकडे कापूस. टॉवरला कोणाचं किती ते वेगळं करता येत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या उतारावर रात्रीची थंड हवा कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली घसरते, म्हणून टॉवरचा आकडा चुकतो.
त्यामुळे तुमच्या बागेचा जो आकडा कोणी सांगेल, तो बहुतेक वेळा *अंदाज* असतो: खोडाचा घेर, झाडांची संख्या, सॅटेलाइटचा फोटो यावरून काढलेला. अंदाज म्हणजे खोटा नव्हे, पण तो कसा काढला हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

*४) आंबा आणि पपई एक नाही*
आंबा कार्बन खोडात वर्षानुवर्षं धरून ठेवतो. सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. पपई-केळीत पाणीच जास्त. बाग काढून रोटाव्हेटर मारला की बराचसा कार्बन कुजून परत हवेत जातो, थोडा मातीत राहतो. पाला जाळला तर जवळजवळ सगळाच लगेच हवेत.

*५) सही करण्याआधी ५ प्रश्न*
▪️ आकडा कार्बनचा की कार्बन डायऑक्साइडचा? (१ टन कार्बन = सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड)
▪️ मोजला की अंदाज? कोण तपासणार?
▪️ आधीपासून उभी असलेली झाडं धरणार की फक्त नवी लागवड? (क्रेडिट सहसा नव्याने वाढलेल्या कार्बनवरच मिळतं.)
▪️ करार किती वर्षांचा? झाड वाळलं, पडलं किंवा तोडावं लागलं तर काय?
▪️ नोंदणी-तपासणीचा खर्च कोणाचा? कराराची मराठी प्रत मिळेल का?

*या आठवड्यात एवढं करा* ✅
बागेतल्या १० झाडांवर रंगाने नंबर टाका. जमिनीपासून साडेचार फुटांवर टेपने खोडाचा घेर मोजा. फांद्या खालूनच फुटल्या असतील तर फुटव्याच्या खाली मोजा आणि किती उंचीवर मोजलं तेही लिहा. तारखेसह वहीत नोंद ठेवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी परत मोजा. झाड किती वाढलं याचा हा तुमचा स्वतःचा पुरावा.
पालापाचोळा जाळू नका, आळ्यात पसरा. ओल टिकते, माती सुधारते. त्याचा फायदा क्रेडिट मिळो न मिळो, तुमचाच.

कोणी करार घेऊन आलं तर सही न करता कागदाचा फोटो या नंबरवर पाठवा किंवा कंपनीच्या ऑफिसला घेऊन या. सोबत बसून वाचू.

– तुमचा कृषी सल्लागार
(हा मेसेज गावातल्या इतर सभासदांनाही वाचून दाखवा.)