महानगरांची सार्वजनिक वाहतूक आणि निर्णयातील विलंब : पुण्याचा अनुभव

भारतातील शहरांची वाढ महानगरपालिकेच्या हद्दीत थांबत नाही. घर एका स्थानिक संस्थेच्या क्षेत्रात, कारखाना दुसऱ्या, तर महाविद्यालय तिसऱ्या क्षेत्रात अशी कोट्यवधी नागरिकांची आजची स्थिती आहे. प्रवास हा प्रादेशिक झाला. परंतु त्या प्रवासाची व्यवस्था करणारी यंत्रणा मात्र दीर्घकाळ नगराच्या सीमेतच अडकून राहिली. सार्वजनिक वाहतुकीच्या विस्तारास होणाऱ्या विलंबाची चर्चा बहुधा निधी, भूसंपादन व तंत्रज्ञान यांच्याभोवती फिरते. तथापि अनेक प्रकल्पांचा इतिहास तपासला असता असे दिसते, की सर्वाधिक काळ बांधकामात नव्हे, तर निर्णयात खर्ची पडतो. पुणे महानगराचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेनुसार पुणे नागरी समूहाची लोकसंख्या सुमारे ५० लाख होती. त्यापैकी पुणे शहरात सुमारे ३१ लाख, तर पिंपरी-चिंचवडमध्ये सुमारे १७ लाख लोक राहत होते. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका १९८२ मध्ये अस्तित्वात आली. दोन्ही शहरे एकमेकांस लागून असूनही त्यांच्या बससेवा स्वतंत्र होत्या. पुणे महानगर परिवहन महामंडळाच्या रूपाने त्या एकत्र येण्यास २००७ साल उजाडावे लागले. महामंडळाच्या तुटीचा भार दोन्ही महानगरपालिकांनी ६० व ४० टक्के या प्रमाणात उचलावा, असे ठरले.

एकत्रीकरणाने एक प्रश्न सुटला, पण दुसरा उभा राहिला. नागरी बससेवेसाठी केंद्र शासनाच्या नगरविकास मंत्रालयाने ठरविलेल्या सेवा निकषांत दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस ही सर्वोत्तम पातळी मानलेली आहे. या हिशेबाने ५० लाख लोकसंख्येस ३ हजार बसगाड्या हव्यात. पुण्याचा ताफा मात्र अनेक वर्षे दोन हजारांच्या आसपासच रेंगाळला आणि लोकसंख्या वाढतच गेली. मालक दोन असले की खर्चाची जबाबदारी दुसऱ्याची आणि श्रेय आपले, अशी वृत्ती बळावते. तोट्याच्या रकमेवरून वाद आणि व्यवस्थापकीय संचालकांच्या मुदतीपूर्व बदल्या यांमुळे बसगाड्यांची संख्या, मार्ग व वारंवारता यांचे दीर्घकालीन नियोजन मागे पडले.

प्रादेशिक प्राधिकरणाची प्रतीक्षा

मुंबई महानगर प्रदेशासाठी विकास प्राधिकरण १९७५ मध्ये स्थापन झाले. पुण्यासाठी तसे प्राधिकरण ३१ मार्च २०१५ रोजी अस्तित्वात आले. म्हणजे तब्बल ४० वर्षांनी. दरम्यानच्या काळात ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने महानगर क्षेत्रासाठी नियोजन समितीची तरतूद केली. राज्याने त्यासाठी १९९९ मध्ये कायदाही केला. पुण्याच्या प्राधिकरणाची चर्चा अनेक वर्षे चालू होती. परंतु त्याचे अध्यक्षपद कोणाकडे असावे, त्यात स्थानिक संस्थांचे स्थान काय राहील, कोणती गावे समाविष्ट व्हावीत, या प्रश्नांवर एकमत होत नव्हते.

या प्रतीक्षेची किंमत हिंजवडीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. औद्योगिक विकास महामंडळाने येथे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारले आणि ते देशातील प्रमुख केंद्रांपैकी एक झाले. मात्र हे गाव दोन्ही महानगरपालिकांच्या हद्दीबाहेर होते. रोजगार निर्माण करणारी संस्था एक, रस्त्यांची जबाबदारी दुसरीकडे, बससेवा तिसरीकडे. परिणामी लाखो कर्मचाऱ्यांचा प्रवास खासगी वाहने व कंपन्यांच्या बसगाड्या यांवर अवलंबून राहिला. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटर लांबीच्या मेट्रो मार्गिकेचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी झाले, प्रत्यक्ष बांधकामाचा कालावधी नोव्हेंबर २०२१ पासून धरण्यात आला आणि मार्च २०२५ ही नियोजित मुदतही पाळली गेली नाही. याच मार्गिकेसाठी विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावे लागले. आधी पूल, मग वाहतुकीचा आराखडा, असा क्रम ठेवला की सार्वजनिक पैसा दोनदा खर्च होतो.

मेट्रोचा प्रवास : कागदावर सात वर्षे

दिल्ली मेट्रो रेल्वे महामंडळाने पुणे मेट्रोचा सविस्तर प्रकल्प अहवाल २००९ मध्ये सादर केला. केंद्रीय मंत्रिमंडळाची अंतिम मान्यता ७ डिसेंबर २०१६ रोजी मिळाली. सुमारे ३१ किलोमीटरच्या दोन मार्गिकांसाठी ११,४२० कोटी रुपयांचा खर्च मंजूर झाला. २४ डिसेंबर २०१६ रोजी भूमिपूजन झाले आणि ६ मार्च २०२२ रोजी १२ किलोमीटरच्या पहिल्या टप्प्यावर प्रवासी सेवा सुरू झाली. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी भाग २९ सप्टेंबर २०२४ रोजी खुला झाल्यावर या दोन मार्गिका पूर्ण झाल्या.

हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. अहवाल ते मान्यता यास सात वर्षांहून अधिक काळ लागला. मान्यता ते पहिली गाडी यास सव्वापाच वर्षे लागली आणि त्यात कोविड साथीचा कालखंडही आला. नागपूर मेट्रोचा अहवाल २०१३ मधील. तिला ऑगस्ट २०१४ मध्ये मान्यता मिळाली व मार्च २०१९ मध्ये ती धावू लागली. चेन्नई मेट्रोस जानेवारी २००९ मध्ये मान्यता मिळाली व २९ जून २०१५ रोजी पहिली गाडी सुटली. म्हणजे बांधकामास सर्वत्र साधारण साडेचार ते साडेसहा वर्षे लागतात. पुणे या बाबतीत मागे नव्हते. फरक पडला तो बांधकामाआधीच्या काळात. नागपुरात नागपूर सुधार प्रन्यास ही एकच संस्था प्रारंभी पाठपुरावा करीत होती. पुढे नागपूरच्याच मेट्रो कंपनीची पुनर्रचना होऊन जानेवारी २०१७ मध्ये महाराष्ट्र मेट्रो रेल्वे महामंडळ झाले आणि पुण्याचे कामही तिच्याकडे आले, हे पुरेसे बोलके आहे.

पुण्यात या सात वर्षांत काय घडले? मार्ग उन्नत असावा की भुयारी, हा प्रमुख वाद होता. भुयारी मार्गाचा खर्च उन्नत मार्गाच्या कितीतरी पट असतो. उलट जुन्या, अरुंद रस्त्यांवर खांब उभारल्यास शहराचे स्वरूप बिघडते, ही शंकाही निराधार नव्हती. २०१४ मध्ये केंद्रात व राज्यात सत्तांतर झाल्यावर या विषयाचा नव्याने विचार सुरू झाला. तत्कालीन पालकमंत्री गिरीश बापट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि जंगली महाराज रस्त्याऐवजी मुठा नदीलगतचा मार्ग पुढे आला. मग नदीपात्रातील सुमारे १.७ किलोमीटर मार्गाचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेला.

चर्चा की चालढकल?

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. लोकशाहीत चर्चा हा विलंब नव्हे. नदी, वृक्ष, वारसा वास्तू व विस्थापितांचे हक्क यांविषयी प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत. दोष चर्चेत नसून ती कधी आणि कोठे होते यात आहे. पर्यायांची तुलना आरंभी, ठरावीक मुदतीत व खुल्या आकडेवारीनिशी झाली, तर निर्णय टिकतो. निर्णयानंतर पुन्हा आरंभाकडे वळणे मात्र महाग पडते.

मुंबईच्या कुलाबा-वांद्रे-सीप्झ मेट्रोचे कारशेड हे याचे ठळक उदाहरण होय. आरेमधील कामास नोव्हेंबर २०१९ मध्ये स्थगिती मिळाली. ऑक्टोबर २०२० मध्ये कांजूरमार्गची जागा जाहीर झाली, डिसेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेथील कामास स्थगिती दिली आणि जुलै २०२२ मध्ये आरेवरील स्थगिती उठविण्यात आली. या मार्गाचा मूळ २३,१३६ कोटींचा अंदाज पुढे ३७,२७६ कोटींवर गेला. ही सर्व वाढ या एकाच वादामुळे झाली असे नव्हे. परंतु कारशेडवाचून गाड्या धावू शकत नाहीत, हे लक्षात घेता जागेचा निर्णय प्रकल्पाच्या आरंभीच पक्का होणे किती आवश्यक होते, ते कळते.

कुंभकोणमकडून घेण्यासारखे

तामिळनाडूने १९७२ पासून बस वाहतुकीसाठी प्रादेशिक महामंडळांची रचना स्वीकारली. तंजावरजवळच्या कुंभकोणम या मंदिरांच्या गावी त्या वर्षी चोळन परिवहन महामंडळ स्थापन झाले. आज तामिळनाडू राज्य परिवहन महामंडळाच्या कुंभकोणम विभागाचे क्षेत्र नागपट्टिनम, तिरुचिरापल्ली, करूर, पुदुक्कोट्टई व कारैकुडी येथपर्यंत पसरले आहे. कुंभकोणमला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला २०२१ मध्ये. बसची प्रादेशिक व्यवस्था त्याच्या जवळपास अर्धशतक आधीची आहे. तेथील बसमार्ग नगराच्या सीमेपाशी थांबत नाही, कारण यंत्रणाच प्रदेशासाठी घडविली गेली.

अर्थात, केवळ कायदा पुरेसा नसतो हेही तामिळनाडूच सांगते. चेन्नईसाठी एकीकृत महानगर वाहतूक प्राधिकरणाचा कायदा २०१० मध्ये झाला, पण तो अमलात येण्यास २०१९ उजाडले. अशा प्राधिकरणाची शिफारस २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच होती, आणि २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणाने केंद्रीय साहाय्य इच्छिणाऱ्या राज्यांकडून त्यासंबंधी बांधिलकी मागितली.

विलंबाचा भार कोणावर?

मोठ्या प्रकल्पाची वाट पाहताना छोटे उपाय थांबतात, हा विलंबाचा सर्वांत मोठा तोटा होय. पुण्याने डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशात सर्वप्रथम जलद बस मार्गाचा प्रयोग केला. परंतु मार्गांचे जाळे अखंड झाले नाही. नंतर, ऑक्टोबर २००९ मध्ये सुरुवात केलेल्या अहमदाबादचीच सेवा आदर्श म्हणून नावाजली गेली. पुणे-लोणावळा विद्युत लोकल १९७८ पासून धावते, तरी तिसऱ्या व चौथ्या रुळांची मागणी वर्षानुवर्षे प्रलंबित राहिली.

ज्यांना परवडते ते दुचाकी वा मोटार घेतात आणि रस्ते अधिक तुंबतात. ज्यांना परवडत नाही, त्या घरकामगार स्त्रिया, रोजंदारी मजूर व विद्यार्थी थांब्यावर उभे राहतात. सायंकाळी उशिरा बस मिळेल याची खात्री नसेल, तर मुलीचे दूरच्या महाविद्यालयात जाणे किंवा स्त्रीने दुसऱ्या पाळीतील नोकरी स्वीकारणे घरातच नाकारले जाते. निर्णयातील विलंबाची नोंद प्रकल्पाच्या वाढीव खर्चात होते. या हुकलेल्या संधींची नोंद कोठेच होत नाही.

पुढील दिशा

पुण्यात २०२३ पासून विस्तारित मार्गांना मान्यता मिळण्याचा वेग वाढला आहे. निगडी, कात्रज, चांदणी चौक व वाघोली यांकडे जाणारे मार्ग मंजूर झाले आहेत. हा वेग टिकण्यासाठी पुढील बाबी आवश्यक वाटतात.

१. बस, मेट्रो, उपनगरी रेल्वे व रिक्षा यांचे नियोजन एका वैधानिक प्राधिकरणाकडे असावे आणि त्यास स्वतःचा निधी असावा.

२. पर्यायांची तुलना, मार्ग व कारशेडची जागा यांवरील जनसुनावणी प्रकल्प अहवालापूर्वीच, मुदत ठरवून पूर्ण व्हावी.

३. मान्य प्रकल्पात बदल करावयाचा झाल्यास त्याचा वाढीव खर्च व काळ विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक असावे.

४. मेट्रोची प्रतीक्षा न करता बसगाड्यांची संख्या निकषापर्यंत न्यावी. मेट्रो आल्यावर त्याच बस तिच्या पूरक सेवा ठरतील.

५. परिवहन संस्थेच्या प्रमुखास निश्चित कार्यकाल मिळावा.

सत्ता बदलणे हा लोकशाहीचा स्वभाव आहे. परंतु वाहतुकीचा आराखडा वीस-तीस वर्षांसाठी असतो. तो एका कार्यकाळात आखला जातो, दुसऱ्यात बांधला जातो आणि तिसऱ्यात लोकांच्या उपयोगी पडतो. म्हणूनच त्याची मालकी कोणत्याही एका पक्षाकडे वा एका शहराकडे नव्हे, तर त्या प्रदेशातील नागरिकांना उत्तरदायी असणाऱ्या स्थायी संस्थेकडे असली पाहिजे.