वीज तयार होते कशी? कोयनेच्या पाण्यापासून आपल्या चिपाडापर्यंत



परवा एका गट मेळाव्यात एका जुन्या सभासदांनी भर बैठकीत विचारले, "साहेब, पूर्वी ह्याच चिपाडावर नुसती साखर निघायची. आता साखर पण निघते आणि वीज पण विकली जाते म्हणता. मग ही जादा वीज आली कुठनं? आमच्या साखरेतनं तर नाही ना कापली?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजायला आधी वीज तयार कशी होते ते पाहू.

फिरवा म्हणजे वीज

1831 साली मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला की तारेत वीज वाहू लागते. सायकलचा डायनॅमो हेच करतो. दिवा लागला की पायडल जड होते, हा अनुभव अनेकांना असेल. म्हणजे वीज फुकट मिळत नाही. जेवढी वीज हवी तेवढा जोर कोणीतरी लावावाच लागतो. मोठ्या केंद्रात हा जोर लावणाऱ्या चक्राला टर्बाइन म्हणतात.

जोर कोण लावतो?

पाणी: खोपोलीला 1915 पासून घाटावरून पडणाऱ्या पाण्यावर वीज तयार होऊ लागली. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला खाली सोडतात. त्या प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॅट आहे.

वाफ: चंद्रपूरला कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. तारापूरला 1969 साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. तिथे उष्णता युरेनियमच्या अणूंच्या विभाजनातून मिळते, पण चक्र फिरवते ती वाफच.

वारा: पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. वाऱ्याचा खरा जोर पावसाळ्यात असतो, त्यामुळे वीजही तेव्हाच जास्त मिळते.

न फिरवता वीज

दोन रीती मात्र वेगळ्या आहेत. ट्रॅक्टरच्या बॅटरीत रासायनिक क्रियेने वीज मिळते. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने 1800 साली असा पहिला घट केला. दुसरी रीत सौर पंपाच्या पॅनेलची. त्यातल्या सिलिकॉनवर ऊन पडले की थेट वीज वाहते. चाक नाही, वाफ नाही. पण ऊन गेले की वीज बंद.

आपल्या कारखान्यात काय होते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोळशाच्या केंद्रात टर्बाइन फिरवून झाल्यावर वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करतात. तिच्यातली बरीचशी उष्णता कूलिंग टॉवरवाटे वाऱ्यावर जाते. एकूण उष्णतेतील साधारण तिसरा हिस्साच विजेत उतरतो.

साखर कारखान्याची गोष्ट निराळी आहे. रस तापवायला आणि आटवायला आपल्याला कमी दाबाची वाफ लागतेच. म्हणून बॉयलरमध्ये वाफ भरपूर दाबाची करायची, आधी तिच्याकडून टर्बाइन फिरवून घ्यायचे आणि दाब उतरलेली तीच वाफ रसाकडे पाठवायची. एकाच वाफेची दोन कामे, यालाच सहवीज निर्मिती म्हणतात.

जुन्या बॉयलरचा दाब चौरस सेंटिमीटरला 21 किलोच्या आसपास असे. तेवढ्यात कारखान्याची स्वतःची गरज कशीबशी भागायची. सहवीजचे बॉयलर 67, 87, काही ठिकाणी 110 किलो दाबाचे असतात. दाब वाढवायला जळण थोडेच जादा लागते, पण टर्बाइनला मिळणारा जोर पुष्कळ वाढतो. जादा वीज आली ती इथून. ती साखरेतून कापलेली नाही. चिपाड म्हणजे बगॅस हे रस काढून झाल्यावरच उरते.

एक टन उसामागे साधारण 280 ते 300 किलो बगॅस निघते आणि त्यात निम्मे पाणीच असते. 2013 च्या राज्याच्या ऊस दर कायद्यात साखरेबरोबर बगॅस, मळी व प्रेसमडचे उत्पन्नही दराच्या हिशेबात धरण्याची तरतूद आहे. म्हणजे चिपाड हा तुमचाच माल आहे.

मग आपण काय करायचे?

ओले लाकूड चुलीत धुमसते, तसेच ओले बगॅस बॉयलरमध्ये. ओल कमी ठेवणे हे गाळप विभागाचे काम. पण बाकीचे तुमच्या फडातून येते:

1. तोडणी जमिनीलगत करून घ्या, पण मुळ्या व माती मोळीत येऊ देऊ नका. माती जळत नाही. ती गिरणीचे रोलर आणि बॉयलरच्या नळ्या झिजवते.

2. वाढे व पाचट उसाबरोबर पाठवू नका. "जळणच आहे की" असे काही जण म्हणतात. पण पाचट रस शोषून घेते आणि साखर उतारा घटतो. शिवाय त्यातल्या क्षारांचा थर बॉयलरच्या नळ्यांवर बसतो.

3. पाचट पेटवूही नका. खोडव्याच्या सरीत पसरा. ओल टिकते, तण दबते आणि कुजून खत होते.

4. टोळी तोडणीला आली की पहिल्या दिवशी मालकाने स्वतः फडात उभे राहावे. मुकादमाला एकदा नीट सांगितले की पुढचे काम सुधारते.

मेळाव्यातल्या त्या सभासदांना मी एवढेच म्हणालो, "दादा, तुमच्या साखरेला हात लावलेला नाही. पण तुमच्या मोळीत माती आली, तर साखर आणि वीज दोन्ही कमी होतील." पुढच्या गट मेळाव्यात असेच प्रश्न घेऊन या.

आपला,
ऊस विकास अधिकारी