हीट पंप घेण्याआधी बादल्या मोजा

गिझरचे दुकान चालविणाऱ्या आणि फ्रीज-एसी दुरुस्त करणाऱ्या आपल्या बांधवांना हल्ली गिऱ्हाईक एक नवा प्रश्न विचारते : घरात हीट पंप बसवावा काय? विलायतेत थंडीच्या दिवसांत अख्खे घर उबदार ठेवण्यासाठी हे यंत्र वापरतात. तिकडे राहणारा भाऊ किंवा जावई फोनवर त्याची तारीफ करतो आणि इकडे रत्नागिरीत, मालेगावात चौकशी सुरू होते. आपल्याकडे खोल्या तापविण्याची गरज नाही. आपल्यापुरता हा प्रश्न अंघोळीच्या पाण्याचा आहे आणि त्याचे उत्तर घरात माणसे किती, यावर ठरते.

प्रथम यंत्र समजून घेऊ. फ्रीजच्या मागच्या जाळीला हात लावला तर ती गरम लागते. आतली उष्णता कॉम्प्रेसर बाहेर आणून टाकतो, ती हीच. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घेतो व टाकीतल्या पाण्याला देतो. विजेने उष्णता तयार करायची नाही, फक्त वाहून न्यायची. त्यामुळे एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी उष्णता पाण्यात जाते. गिझरला हे कधीच साधणार नाही, मग त्यावर पाच तारे असोत. तापलेले पाणी टाकीत नुसते पडून राहिले तर किती उष्णता वाया जाते, एवढेच ते तारे सांगतात.

आता हिशेब. पाणी किती लिटर आणि ते किती अंश तापवायचे, यांचा गुणाकार करून 860 ने भागावे. उत्तर युनिटांत येते. आठ माणसांचे एकत्र कुटुंब घ्या. माणशी 20 लिटरची एक बादली, म्हणजे 160 लिटर. हिवाळ्यात नळाचे पाणी 20 अंश आणि अंघोळीला हवे 42, म्हणजे 22 अंशांचा फरक. 3520 भागिले 860, म्हणजे चार युनिटांहून थोडे जास्त. फजरच्या वुजूचे कोमट पाणी आणि टाकीतली गळती धरून पाच म्हणू. हीट पंपाला पावणेदोन युनिटे पुरतील. रोज सव्वातीन युनिटे वाचली; दर 10 रुपये धरला तर महिन्याला साडेनऊशेच्या आसपास. (खरा दर आपल्या बिलात पाहावा. वापर वाढला की वरच्या टप्प्याचा दर लागतो आणि बचत त्याच टप्प्यातून होते.) उन्हाळ्यात पाणी मुळातच कोमट असते, म्हणून वर्ष आठच महिन्यांचे धरावे. बचत झाली साडेसात हजार. समजा यंत्र गिझरपेक्षा 75 हजारांनी महाग पडले, तर पैसे वसूल व्हायला दहा वर्षे लागतील. फरक 40 हजारांचा असेल तर पाच-सव्वापाच.

हाच हिशेब मुंब्र्याच्या फ्लॅटमधील नवरा-बायकोचा करा. दोन बादल्या, पाणी 27 अंशांचे, फरक 15. पाऊण युनिटही होत नाही. दिवसाला पाच रुपयांची बचत. अशा गिऱ्हाईकाला यंत्र विकणारा दुकानदार आज नफा कमावील, पण ते घर पुन्हा त्याच्या दुकानाची पायरी चढणार नाही. त्यांना लहान गिझर पुरे. याउलट चाळीस माणसांचे वसतिगृह किंवा लॉज असेल तर थंडीत रोज तेरा-चौदा युनिटे वाचतात. तिथे विचार करण्यासारखे काही उरत नाही.

ज्याची स्वतःची गच्ची आहे आणि तिच्यावर दिवसभर ऊन पडते, त्याने आधी सौर बंबाचा भाव काढावा. ऊन फुकट आहे. पण पावसाळ्यात तो अडतो आणि त्याच्या टाकीतली विजेची कांडी गिझरइतकेच बिल आणते. कोकणातल्या माणसाने हे विसरू नये.

जागेची चूक सर्वांत महागात पडते. एका घरी हे यंत्र दार लावलेल्या लहानशा खोलीत बसविलेले मी पाहिले. यंत्र थंड हवा बाहेर टाकते. तीच हवा फिरून त्याच्या तोंडाशी येत होती आणि कॉम्प्रेसर तासन्‌तास घरघरत होता. मोकळी बाल्कनी किंवा गच्ची हवी, ठिबकणाऱ्या पाण्याला वाट हवी, आणि शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीची भिंत नको. शिवाय पाणी सावकाश तापते. ऐन वेळी बटण दाबून बादली भरायची सवय असलेल्या घराला आधीपासून टाकी तापवून ठेवावी लागते.

विक्रेता ‘चारपट उष्णता’ म्हणाला, तर हवा किती अंशांची असताना आणि पाणी किती अंशांपर्यंत तापविताना, हे कोटेशनवर लिहून मागावे. हवा गार झाली किंवा पाणी जास्त तापविले की हा आकडा खाली येतो. बोअरचे पाणी जड असेल तर क्षार बसतात. टाकीतली मॅग्नेशियमची कांडी कधी बदलायची आणि ती कोण बदलणार, तेही विचारावे.

आपल्या मेकॅनिक बांधवांसाठी एक सूचना. फ्रीजचे काम येणाऱ्याला हे काम जड नाही, पण आधी पाटीवर गॅसचे नाव वाचावे. आर-290 म्हणजे प्रोपेन. तो पेट घेतो. आर-32 सुद्धा ज्वलनशील आहे. अशा यंत्रात दुसरा गॅस भरू नये आणि नळीत गॅस शिल्लक असताना ब्रेझिंगचा टॉर्च जवळ नेऊ नये.