वारंवार होणारा गर्भपात व रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष

गर्भ राहणे ही कुटुंबाला जशी आनंदाची, तशीच तो पुन्हा पुन्हा जाणे ही अतिशय दुःखाची घटना होय. कडोदऱ्यासारख्या कारखान्यांच्या गावी बिऱ्हाडाला बिऱ्हाड लागून असते. तेथे हे दुःख लपविताही येत नाही. "हिच्या पोटी टिकत नाही," असे बोलून लोक मोकळे होतात. अशा भगिनींनी व त्यांच्या घरच्यांनी पुढील गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

जखम झाली की रक्त गोठते, म्हणून प्राण वाचतो. या गोठण्याला वेळीच आवर घालणारी द्रव्येही रक्तातच असतात. काही माणसांत हा आवर जन्मतःच ढिला असतो. नॉर्वेतील डॉ. एगेबर्ग यांनी १९६५ साली असा दोष एका कुटुंबात वंशपरंपरेने चालत असल्याचे दाखविले. पुढे १९९४ साली हॉलंडमधील लायडन शहरी 'फॅक्टर फाइव्ह'चा दोष सापडला व त्यास त्या शहराचेच नाव मिळाले. युरोपीय लोकांत तो शेकडा पाचांच्या आसपास आढळतो. आपल्याकडे तो त्याहून विरळ आहे. असा दोष आईकडून अथवा बापाकडून येतो. सुनेने काय खाल्ले, काय उचलले, कोणाची नजर लागली, यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

वारेच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन गर्भाचे पोषण तुटत असावे, असा तर्क केला जातो. तथापि दोष सापडला म्हणजे गर्भपाताचे कारण सापडलेच, असे मात्र नव्हे. हा दोष असूनही अनेक स्त्रियांची बाळंतपणे सुखरूप होतात.

रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिन रोज टोचून घेतल्यास गर्भ टिकतो काय? असा दोष असलेल्या व दोन किंवा अधिक गर्भ गमावलेल्या ३२६ स्त्रियांची पाहणी 'लॅन्सेट' साप्ताहिकात २०२३ साली प्रसिद्ध झाली. इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी शंभरांत ७२ जणींना, तर न घेणाऱ्यांपैकी ७१ जणींना जिवंत मूल झाले. म्हणजे केवळ गर्भ टिकावा म्हणून या इंजेक्शनाचा लाभ दिसला नाही. पण याच आकड्यांत मोठा धीरही आहे: औषधाविनाही दहांतील सात जणींची ओटी भरली.

मग हेपॅरिन व्यर्थ काय? तसे नाही. मातेला पूर्वी गुठळी झाली असेल, तर तिच्या स्वतःच्या रक्षणासाठी ते देतात. 'अँटिफॉस्फोलिपिड' नावाचा दुसरा दोष जन्मजात नसून मागाहून जडतो. त्यात अ‍ॅस्पिरिन व हेपॅरिन देण्याची रीत आहे. म्हणून नेमका दोष कोणता, हे तपासणीनेच ठरवावे. गरोदरपणात 'प्रोटीन एस' आपोआप कमी होते. ती तपासणी गर्भ नसताना करणे बरे. हेपॅरिन वारेतून बाळापर्यंत जात नाही. वॉरफॅरिनच्या गोळ्या मात्र जातात व गर्भास अपाय करू शकतात. हेपॅरिन बहुधा डुकराच्या आतड्यापासून काढतात. त्याचा संकोच वाटल्यास औषध परस्पर न सोडता डॉक्टरांना व जाणत्या आलिमांना विचारावे. जिवाच्या गरजेपुढे शरियतीत सवलत आहे.

पुन्हा दिवस राहिल्यावर पुढील गोष्टी पाळाव्यात:

१. पहिल्या महिन्यातच डॉक्टरांकडे नाव नोंदवावे व जुने सर्व कागद न्यावेत. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासून चालू आहे.

२. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज अंथरुणास खिळून राहू नये. बेताचे चालणे व भरपूर पाणी हितकारक असते.

३. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळीचा धोका विशेष असतो. सव्वा महिन्याच्या विश्रांतीत हे विसरू नये.

४. नऊ महिन्यांचा विचार एकदम न करता एका तपासणीपासून दुसरीपर्यंतचा विचार करावा. भीती वाटणे हा दुबळेपणा नव्हे. गेलेल्या बाळाची आठवण काढली म्हणून अपशकुन होत नाही.

सासूबाईंनी सुनेस पाठीशी घालावे, नवऱ्याने प्रत्येक तपासणीस सोबत जावे, व त्याच्याही मनातील दुःखाची कोणी तरी विचारपूस करावी. संस्थेच्या सभासदांनी आपापल्या घरी एवढे केले, तरी कितीतरी भगिनींचे ओझे हलके होईल.