घोडीवाल्याचे किती ऐकावे?

प्रश्न : रायपुरात लग्नसराई लागली की वरातीच्या घोड्या रस्त्यावर दिसू लागतात. भाच्याच्या वरातीत घोडीच्या वयस्क मालकाने आम्हाला तीन गोष्टी बजावल्या : मागून येऊ नका, नवरदेवाने डावीकडूनच चढावे आणि तापलेल्या घोडीला पाणी पाजू नका. जन्म घोड्यांत काढलेल्या माणसांच्या अशा सांगण्यात तथ्य किती आणि नुसता रिवाज किती?
— एक वाचक, तात्यापारा, रायपूर

उत्तर : पहिली गोष्ट बिनशर्त पाळा. दुसरीचे मूळ कारण आता उरलेले नाही, तरी पाळा. तिसरी सोडून द्या.

डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने घोड्याला भोवतालचे जवळजवळ ३५० अंशांतले दिसते. कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा पट्टा मात्र दिसत नाही. तिथून काही हलले की तो आधी लाथ झाडतो, मग बघतो. म्हणून जुने मोतद्दार तोंडाने बोलत, खांद्याच्या बाजूने जवळ येतात. मागून जाणे टळतच नसेल, तर पुठ्ठ्यावर हात ठेवून अंगाला चिकटून जातात, नाहीतर लांबून वळसा घेतात. चिकटलेल्या माणसाला लाथेचा पुरा जोर बसत नाही. घातक असते ते मधले चार-सहा हात. वऱ्हाडी नेमके तिथेच नाचत असतात.

डावीकडून चढण्याचे कारण तलवार, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. उजव्या हाताचा स्वार ती डाव्या कमरेला लटकवतो. उजवीकडून चढू लागला तर ती पायांत येणार. तलवारी गेल्या, पण घोडे पिढ्यान् पिढ्या याच बाजूने शिकवले गेले. एका बाजूची सवय झालेले जनावर दुसऱ्या बाजूने कोणी चढू लागला की बुजू शकते, म्हणून वरातीत प्रयोग नको. शिकवणाऱ्याने मात्र दोन्ही बाजूंची सवय लावावी. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफनने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिले. आयुष्यभराचा अनुभव तरुण मित्रांना सांगावा, हाच त्याचा हेतू होता. आणि उजवीकडून चढण्याचाही सराव करा, असे त्यानेही सांगितले आहे.

आता पाणी. तापलेल्या घोड्याला पाणी दिले किंवा अंगावर ओतले की तो आखडतो, हा समज जगभर होता. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपूर्वी उकाड्यातल्या घोड्यांवर संशोधन झाले आणि थंड पाण्याने अंग निववणे सुरक्षित आणि गरजेचे असल्याचे दिसले. कडक उन्हात राबणारा घोडा तासाला दहा लिटरहून अधिक घाम गाळू शकतो. रायपूरच्या मे महिन्यात त्याला तहानलेला ठेवणे हेच धोक्याचे. आवर घालायचा तो दाण्याला. घोड्याला उलटी करता येत नाही आणि त्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते. दमून आल्याबरोबर हरभऱ्याचा भरलेला तोबरा तोंडाला बांधला, तर पोटशूळ उठू शकतो. तेव्हा आधी पाणी, मग वैरण आणि अंग निवल्यावर दाणा.

मग अनुभवी माणसे चुकीचे का सांगतात? उत्तर जुन्या मराठी घोडदळात सापडते. नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली १७४१ च्या सुमारास रतनपुरावर आली आणि छत्तीसगडात मराठी अंमल सुरू झाला. त्या काळच्या मराठी घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार स्वतःचा आणी. शिलेदाराचा घोडा मेला की त्याचे भांडवलच बुडाले. ज्याचे पोट एका जनावरावर चालते, तो जोखीम घेऊन पाहत नाही. पाणी प्यालेला एखादा घोडा योगायोगाने दगावला, तर त्याला नियम करायला तेवढे पुरते. वरातीचा घोडीवालाही शिलेदारच आहे. त्याच्या सूचनेत निरीक्षण असते आणि नुकसानीची धास्तीही असते. त्यामुळे घोडी घाबरली आहे का, हे त्याच्याइतके कोणाला कळणार नाही. तापलेल्या घोडीला पाणी द्यावे का, हे पशुवैद्याला विचारावे.

याच धास्तीतून घोड्याच्या अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून शुभाशुभ ठरवण्याचे शास्त्रही आले असावे. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत आजही शुभ मानलेल्या देवमण भोवऱ्याने घोड्याची किंमत चढते आणि अशुभ मानलेल्या भोवऱ्याने उतरते. झेनोफन मात्र घोडा पारखताना आधी खूर बघायला सांगतो. घोडा घ्यायचा झालाच तर त्याचेच ऐका.

त्याचा आणखी एक सल्ला वरातीला लागू पडतो. बुजलेल्या घोड्याला मारू नका, कारण मार आणि भीती यांची तो सांगड घालतो आणि पुढच्या वेळी दुप्पट बुजतो. फटाक्याने घोडी उधळू लागली तर चाबूक नव्हे, फटाके थांबवा.