अंडीं देणाऱ्या कोंबडीचा आहार

परसांत कोंबड्या बाळगणाऱ्या आपल्या पुष्कळ शेतकरी बंधूंची अशी समजूत असते कीं, सकाळीं ओंजळभर ज्वारी टाकली म्हणजे कोंबडीच्या पोटाची सोय झाली. कोंबडी मोकळी हिंडत असते तोंपर्यंत ही समजूत फारशी नडत नाहीं; कारण उकिरड्यांतील किडे, वाळवी, कोंवळें गवत व बारीक खडे हें सर्व ती स्वतःच वेंचून घेते. परंतु तीच कोंबडी जाळीच्या खुराड्यांत कोंडली म्हणजे ती सर्वस्वीं मालकाच्या हातावर अवलंबून राहते. अशा वेळीं पोट भरणें व पोषण होणें यांतील भेद मालकानें ओळखला पाहिजे.

हा भेद शास्त्रज्ञांस कोंबड्यांनींच शिकविला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटांत आयक्मान नांवाचे डच वैद्य बेरीबेरी रोगाचा शोध करीत होते. रुग्णालयांतील उरलेला सडीक तांदुळाचा भात खाऊन त्यांच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले. कोंड्यासहित तांदूळ मिळूं लागतांच त्या बऱ्या झाल्या. कोंड्यांतील तें द्रव्य म्हणजेच ब-१ जीवनसत्त्व. या कार्याबद्दल आयक्मान यांस १९२९ सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. त्या कोंबड्यांचें पोट भरत होतें, तरी उपासमार चालूच होती.

अंडीं देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यांत शेंकडा १६ ते १८ प्रथिनें असावीं लागतात. ज्वारी व मका यांत तीं शेंकडा ९-१० च्या आसपासच असतात. ही उणीव भुईमुगाची पेंड व सुकटीची पूड यांनीं भरून निघते.

दुसरी गरज चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची. एका अंड्याच्या कवचांत सुमारें २ ग्रॅम कॅल्शियम जातें आणि धान्यांत तें नसल्यासारखेंच असतें. खाद्यांतून न मिळाल्यास कोंबडी तें आपल्या हाडांतून काढते. मग अंड्याचें कवच पातळ होतें, पाय अधू होतात व शेवटीं अंडीं बंद पडतात. यासाठीं शिंपल्यांचा चुरा द्यावा आणि कोंबड्यांस ऊन लागूं द्यावें. उन्हावांचून ड जीवनसत्त्व तयार होत नाहीं व चुना अंगीं लागत नाहीं. लहान पिलांस मात्र हें चुनखडीयुक्त खाद्य देऊं नये. त्यानें त्यांचीं मूत्रपिंडें बिघडतात.

तिसरी गरज हिरव्या पाल्याची. पांढऱ्या ज्वारीत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतें. तें कमी पडल्यास डोळे सुजून चिकटतात. लसूणघास, मेथी किंवा शेवग्याचा पाला रोज टांगून ठेवावा. पक्ष्यास दांत नसल्यानें दाणा दळण्यासाठीं बारीक खडेही जवळ असावेत.

वजनाचे १०० भाग मिश्रण पुढीलप्रमाणें करावें: भरडलेला मका किंवा ज्वारी ५५, भाताचा अथवा गव्हाचा कोंडा १२, भुईमुगाची पेंड १७, सुकटीची पूड ८, शिंपल्यांचा चुरा साडेसात व मीठ अर्धा भाग. सुकट खारवलेली असल्यास मीठ मुळींच घालूं नये. कोंडलेल्या मध्यम वजनाच्या कोंबडीस रोज १०० ते १२० ग्रॅम मिश्रण लागतें. अशा कोंबड्यांस जीवनसत्त्वांची पूड पशुवैद्यांच्या सल्ल्यानें जोडावी. पाणी खाद्याच्या दुपटीहून कमी नसावें. उन्हाळ्यांत त्याहून बरेंच अधिक लागतें.

पेंड विकत घेतांना वास घ्यावा. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, त्याचें कारण बुरशी आलेली भुईमुगाची पेंड हेंच ठरलें. तें विष, अफलाटॉक्सिन, शिजविल्यानेंही जात नाहीं. म्हणून बुरसलेली पेंड स्वस्त मिळाली तरी टाकूनच द्यावी. एरंडीची पेंड व औषध चोळलेलें उरलेलें बियाणें हींही कोंबड्यांपुढें कदापि टाकूं नयेत.

अंडीं कमी झालीं कीं दाणा वाढविण्याकडे आपला कल असतो. त्यापूर्वीं अंड्याचें कवच बोटानें दाबून पाहावें व कोंबडीचे डोळे आणि पाय तपासावेत. बहुधा तिला अधिक दाणा नव्हे, तर दाण्यांत जें नाहीं तें हवें असतें.